कोझुमेलला उतरणाऱ्यांसाठी हिराताईंच्या सूचना

हिरा पोकळे यांनी समुद्र पाहिला होता तो एकदाच, शाळेच्या सहलीत, आणि तोही ओहोटीच्या वेळी. "लांब गेला होता," एवढंच त्या त्याबद्दल सांगत. पण मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर जहाजातून उतरलं की धक्क्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पहिल्या चार टॅक्सीवाल्यांशी बोलायचं नाही, डाव्या हाताला दोनशे पावलं चालायचं, औषधांच्या दुकानाशेजारी स्वच्छ संडास आहे तो आधी गाठायचा आणि मगच गाडी ठरवायची, हे त्यांना बिबवेवाडीतल्या आपल्या गल्लीइतकं पाठ होतं. पुण्यात माहिती देणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. न पाहिलेल्या गावाची बिनचूक माहिती देणारं माणूस मात्र विरळाच.

ही विद्या त्यांना स्वारगेटच्या एसटी स्थानकानं दिली. तिथे चौकशीच्या खिडकीमागे त्यांनी सव्वीस वर्षं काढली. स्वतः त्या बिबवेवाडी ते स्वारगेट यापलीकडे फारशा कधी गेल्या नाहीत. पण मुक्कामाची गाडी घेऊन आलेला कंडक्टर खिडकीशी चहाला टेकला, की हिराताई त्याची उलटतपासणी घ्यायच्या. कोणत्या घाटात दरड आली, कोणत्या फाट्यावर पाणी मिळत नाही, कोणत्या गावात स्टँडपासून दवाखाना लांब. कंडक्टर वैतागायचे, पण सांगायचे. त्यामुळे खिडकीतून हात बाहेर काढून बाई जे सांगत ते पक्कं असे. गोड मात्र नसे. "साताऱ्याची गाडी कुठे लागते?" याला त्यांचं उत्तर, "पाटीवर सातारा लिहिलंय तिथे."

गुडघ्यानं दगा दिल्यावर दोन हजार तीन साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरातल्या माणसांचे हाल सुरू झाले. घरात माणूस म्हणजे एकटे बापूराव, त्यांचे यजमान. मार्केट यार्डातल्या भुसाराच्या गाळ्यावर ते दिवाणजी होते आणि स्वभावानं इतके गरीब, की वजनकाटासुद्धा त्यांना दटावत असेल. सकाळी ते पायात चपला घालायला लागले की हिराताई विचारत, "परत कधी? कोणत्या रस्त्यानं? मध्ये थांबा आहे का?" बापूराव मुकाट्यानं तिन्ही उत्तरं देऊन निघत. ही बाई घरी बसण्यासाठी जन्माला आलेली नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

सुटका केली ती समोरच्या इमारतीतल्या उत्कर्षानं. उत्कर्षा हिंजवडीच्या एका बड्या कंपनीतली नोकरी सोडून बसली होती आणि तिनं चौकातल्या पिठाच्या गिरणीवरची खोली घेऊन चार संगणक मांडले होते. खाली पीठ, वर माहिती. काम अमेरिकेचं होतं. तिकडे मोठमोठी पर्यटकांची जहाजं फ्लोरिडाहून निघतात, मेक्सिकोच्या बंदरांत सातआठ तास थांबतात आणि संध्याकाळी पुढे जातात. उतरलेल्यांना जहाजवालेच सहल विकतात, झेंड्यामागून फिरवून आणतात. पण काहींना आपलं आपण हिंडायचं असतं. अशा लोकांच्या शंका एका वेबसाइटवर येत आणि त्यांची उत्तरं गिरणीवरच्या खोलीतून जात.

आधी हे काम करायला दोन ताजे पदवीधर होते. त्यांचं इंग्रजी फर्डं होतं. कुणी काहीही विचारो, ते निळ्याशार पाण्याबद्दल आणि सोनेरी वाळूबद्दल लिहीत. एक दिवस हिराताई दळणाचा डबा घेऊन आल्या होत्या आणि गिरणीत रांग होती म्हणून वर येऊन बसल्या. उत्कर्षा डोक्याला हात लावून एक तक्रार वाचत होती.

"काय म्हणते ती?"

"म्हणते, मी विचारलं होतं की धक्क्यावरून किनाऱ्याला चालत जाता येईल का, माझा गुडघा दुखतो. तुम्ही मला सूर्यास्ताचं वर्णन पाठवलंत."

"बरोबर आहे तिचं. सूर्यास्ताला जहाज निघून गेलेलं असेल," हिराताई म्हणाल्या. "तिला विचार, गुडघा कोणता? पायऱ्या चढवतात का? किती वाजता उतरणार, किती वाजता परत? हे न विचारता उत्तर देतातच कसं माणसं?"

पुढच्या सोमवारपासून त्या कामावर आल्या. बाहेरून बी. ए. केलेलं असल्यानं इंग्रजीची भीती नव्हती. फक्त त्यांचं इंग्रजी वेळापत्रकासारखं होतं. उत्कर्षानं पहिला आठवडा त्याला जरा मऊपणा आणायचा प्रयत्न केला. मग तिच्या लक्षात आलं, की लोकांना ते तसंच आवडतंय. दुपारी दुकानं बंद असतात अशी एकानं तक्रार केली, त्याला हिराताईंनी कळवलं, "बरोबर आहे. माणसं जेवतात." त्या गृहस्थानं ते उत्तर छापून आपल्या कचेरीत लावलं म्हणे.

माहिती मिळवायची रीत जुनीच. इथे कंडक्टर नव्हते, म्हणून त्यांनी प्रवाशांनाच कंडक्टर केलं. ज्याला उत्तर हवं असेल त्यानं घरी परतल्यावर जबाब द्यायचा, ही अट. गाडी कोणती घेतली, रस्ता कसा होता, सावली कुठे होती, कोण खोटं बोललं. न देणाऱ्याला त्या आठवण पाठवत, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी नुसतं "?" असं. दोन वर्षांत मेक्सिकोच्या नऊ बंदरांतली खडान्‌खडा माहिती गिरणीवरच्या खोलीत जमली.

त्यांच्या सूचना फार नव्हत्या. एका दिवसाची औषधं पिशवीत ठेवा. ओळखपत्राची नक्कल जवळ ठेवा. मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या, म्हणजे फ्लोरिडाच्या, वेळेवरच राहू द्या, बेटावर उतरून त्याला हात लावू नका. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: जहाजाच्या सहलीला गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबतं. आपले आपण गेलात तर थांबत नाही. म्हणून निदान तासभर आधी धक्क्यावर परत या. हे लिहिताना हिराताईंना बरं वाटत नसे. खिडकीवर असताना त्यांनी कितीदा तरी धापा टाकत येणाऱ्या म्हातारीसाठी ड्रायव्हरला दोन मिनिटं हात केला होता. जहाजाला हात करायची सोय नव्हती.

वेळांसाठी त्यांनी भिंतीवर एक फळा लावून घेतला होता. काळा फळा, पांढरी अक्षरं, अगदी एसटीच्या वेळापत्रकासारखा. बापूरावांनी यार्डातल्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाकडून करवून घेतलेला. बंदराचं नाव, आणि तिथलं घड्याळ जहाजाच्या घड्याळापेक्षा किती मागे. उत्कर्षानं सांगून पाहिलं होतं, की तिकडचे लोक उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणून खडूनं लिहा. "दोन्ही देश एकाच दिवशी करतात ना?" हिराताईंनी विचारलं होतं. तेव्हा ते खरं होतं. "मग फरक तेवढाच राहणार. ऑइलपेंटनं लिही म्हणावं." सरकार घड्याळ हलवतं हेच त्यांना पटलेलं नव्हतं, त्यात दोन सरकारं ते वेगवेगळ्या दिवशी करतील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

दोन हजार सातच्या जानेवारीत डोरिसबाईंचं पहिलं पत्र आलं. ओहायोच्या, वय एकाहत्तर, डावा गुडघा. नवरा होता तेव्हा दोघं दर वर्षी जहाजानं जात आणि झेंड्यामागून फिरत. आता तो नव्हता. मुलगी म्हणत होती, जायचं तर जा, पण जहाजातून उतरू नकोस. डोरिसबाईंना उतरायचं होतं. कोझुमेलच्या मागच्या अंगाला, जिथे मोठ्या लाटा येतात आणि वस्ती नाही, तिथे त्या एकदा झेंड्याबरोबर गेल्या होत्या. पाच मिनिटं. आता त्यांना तिथे मनसोक्त बसायचं होतं, एक तळलेला मासा खायचा होता आणि आपल्या पायांनी परत यायचं होतं. "मला जमेल का, हे मला एकदा पाहायचं आहे," असं त्यांनी लिहिलं होतं.

हिराताईंचा उजवा गुडघा. दोन महिन्यांत एकोणीस पत्रं झाली. पहिल्या पत्रात पायऱ्यांची संख्या, पाचव्यात शेकायची पद्धत, नवव्यात सून नसल्याचं एकमेकींना सुख. रामोन नावाचा एक टॅक्सीवाला आधीच्या जबाबांतून खात्रीचा निघाला होता. त्याची मुलगी दुसऱ्या गावी शिकायला होती, रविवारी घरी आली की बापाचे मेल बघायची. तिच्यामार्फत हिराताईंनी सगळं ठरवलं. रामोन जहाज दिसलं की धक्क्यावर येणार, बाईंना पलीकडच्या किनाऱ्यावरच्या खाणावळीत सोडणार, आणि बेटाच्या घड्याळात साडेतीन वाजता न्यायला येणार. जहाजाची शिडी उचलणार जहाजाच्या साडेपाचला. फळ्याप्रमाणे बेटाचे साडेचार. अर्ध्या तासाचा रस्ता, म्हणजे चारला धक्का. आपला तासभराचा नियम हिराताईंनी आयुष्यात पहिल्यांदा मोडला होता. डोरिसबाईंना आणखी थोडं बसायचं होतं, म्हणून त्यांनी अर्धा तास वाढवून दिला.

मार्चची चौदा तारीख, बुधवार. संध्याकाळी साडेसहाला हिराताई घरी निघाल्या, एक चप्पल पायात आणि दुसरी शोधत होत्या, तेवढ्यात अमेरिकेतल्या साहेबाचा फोन वाजला. हा फोन दर बुधवारी साडेसातला यायचा. त्या घरी गेलेल्या असायच्या. उत्कर्षाचं बोलणं संपेपर्यंत त्या दारातच उभ्या राहिल्या.

"आज तासभर आधी कसा?"

"अहो, रविवारी त्यांचं घड्याळ पुढे गेलं ना. यंदा त्यांनी कायदाच बदलला, तीन आठवडे आधीच केलं."

"आणि मेक्सिकोनं?"

उत्कर्षानं संगणकात पाहिलं. तिला वेळ लागला, आणि त्या वेळातच हिराताईंना उत्तर कळलं. "नाही केलं," ती म्हणाली. "ते एप्रिलमध्येच करणार."

म्हणजे बेट जहाजाच्या एक तास नव्हे, दोन तास मागे. ज्या घटकेला रामोन त्या ओसाड किनाऱ्यावर पोचणार, त्याच घटकेला धक्क्यावर जहाज शिडी उचलणार. एकाहत्तर वर्षांची एकटी बाई, सामान जहाजात, पासपोर्ट जहाजात, गुडघा तसला, आणि ज्या खाणावळीत ती बसणार तिथे वीज नाही की फोन नाही. हे सगळं हिराताईंना माहीत होतं, कारण त्यांनीच ते विचारून विचारून जमवलेलं होतं. त्या दारातच, हातात चप्पल घेऊन, खाली बसल्या. "मी बाईला चुकीच्या गाडीत बसवलं," त्या म्हणाल्या. सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

जहाज धक्क्याला लागायला अजून तास होता. डोरिसबाईंना मेल केला. जहाजात डोरिसबाई मेल बघत नाहीत, हेही त्यांना माहीत होतं. रामोनच्या मुलीला मेल केला; ती रविवारी बघणार. राहिला धक्क्यावरच्या टॅक्सी स्टँडचा फोन. पावणेसातपासून लावायला सुरुवात केली. आधी कुणी उचलेना, मग सारखा लागलेला. त्या दिवशी तीन जहाजं आली असणार. उत्कर्षा लावत होती, हिराताई खुर्चीच्या कडेवर बसून होत्या. बापूराव शोधत आले, प्रकार ऐकला आणि खालून तीन चहा घेऊन आले.

पावणेनऊला फोन उचलला गेला. तिकडे सकाळचे सव्वानऊ. पलीकडे एक पुरुष, मागे गोंगाट, आणि भाषा स्पॅनिश. उत्कर्षानं इंग्रजीत समजावायला सुरुवात केली, घड्याळं, कायदा, अमेरिका. पलीकडचा "नो, नो" करू लागला. फोन ठेवणार असं दिसलं तशी हिराताईंनी तो तिच्या हातातून घेतला.

खिडकीवर तेलुगू मजूर आले होते, राजस्थानी मेंढपाळ आले होते, एकदा तर मुका माणूस आला होता. कुणालाही गाडीत बसवायला तीनच गोष्टी लागतात: कोण, कुठे, कधी. कारण लागत नाही. प्रवाशांसाठी उपयोगी शब्दांचं एक पान त्यांनीच केलं होतं, त्यामुळे स्पॅनिश आकडे येत होते. त्यांनी घसा खाकरला आणि ज्या आवाजात त्या फलाटावर घोषणा करत त्या आवाजात म्हणाल्या, "रामोन. रामोन. सेन्योरा डोरिस. दोस त्रेइन्ता." दोन तीस. "त्रेस त्रेइन्ता, नो. दोस त्रेइन्ता, सी. हिरा. पुणे."

मग तो म्हणाला, "रामोन. दोस त्रेइन्ता."

"परत," हिराताई मराठीतच म्हणाल्या. त्यानं परत म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं, आणि मगच फोन ठेवला.

"सांगेल तो?" उत्कर्षानं विचारलं.

"माहीत नाही," हिराताई म्हणाल्या.

त्या रात्री त्या झोपल्या की नाही हे बापूरावांना विचारून उपयोग नाही, कारण ते झोपले होते. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. हिराताईंनी कुणालाच एकही टोमणा मारला नाही, तेव्हा उत्कर्षाला खरी काळजी वाटू लागली. जेवायला बसत, आणि ताटात बोटं फिरवून उठत. शनिवारी बापूरावांनी यार्डातून येताना कोवळी गवार आणली, कारण ती हिराताईंना आवडते, आणि स्वतःच निवडायला बसले. "चुकलं तर चुकलं. तू सांगितलंस ना वेळेत," ते म्हणाले.

"वेळेत सांगितलं ते दुसऱ्यांदा. पहिल्यांदा चुकीचंच सांगितलं होतं," हिराताई म्हणाल्या, आणि गवार त्यांच्या हातातून ओढून घेतली, कारण ते शिरा तशाच ठेवत होते.

मंगळवारी सकाळी डोरिसबाईंचा जबाब आला. लांबलचक. मासा काट्यांसकट तळलेला होता. लाटा पुरुषभर होत्या. गुडघा दोनदा दुखला, दोन्ही वेळा खुर्ची होती. रामोन अगदी वेळेवर आला, माझ्या घड्याळात साडेचार, तुम्ही लिहिलं होतं तसंच. मुलीला फोन करून सांगितलं तेव्हा ती रडली आणि मी हसले.

उत्कर्षानं टाळी वाजवली. "सुटलो! त्यांना काही कळलंच नाही."

हिराताईंनी पत्र पुन्हा वाचलं, खुर्ची पुढे ओढली आणि टंकायला बसल्या. उत्कर्षानं खांद्यावरून वाचलं आणि ती घाबरली. "हिराताई, हे कशाला? झालं ना सगळं नीट? अमेरिकेतल्या साहेबानं वाचलं तर उगाच..."

"चुकीची घोषणा झाली तर त्याच कर्ण्यातून दुरुस्त करायची असते," हिराताई म्हणाल्या. "प्रवासी पोचला म्हणून ती बरोबर होत नाही." पत्र चार ओळींचं होतं. मी तुम्हाला दिलेली वेळ बरोबर निघाली, पण टॅक्सीला दिलेली चुकीची होती. बेट दोन तास मागे होतं, मी एक धरला. बुधवारी फोन लागला म्हणून निभावलं. चूक माझी आहे.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं. हिराताईंनी ते उभ्या उभ्याच वाचायला घेतलं.

"प्रिय हिरा, मला माहीत होतं. खाणावळीच्या भिंतीवर घड्याळ होतं. दुपारी जेवताना मी माझं घड्याळ त्याच्याशी ताडून पाहिलं, फरक दोन तासांचा होता. रामोन त्या घड्याळानं येणार, आणि जहाज माझ्या घड्याळानं जाणार. खाणावळीत फोन नव्हता. माझ्या घड्याळात चारच्या सुमारास एक कुटुंब परत निघालं होतं, त्यांच्या गाडीत जागा होती, चला म्हणाले. मी उठले होते. मग मनात आलं, हिराला हे कळेल. ती बसून राहणार नाही, ती काहीतरी करेल. आणि रामोन इथे आला आणि मी नसले, तर तो बिचारा मला शोधत बसेल. म्हणून मी त्यांना नको म्हटलं आणि आणखी अर्धा तास लाटा पाहिल्या. त्या दिवसातला तोच अर्धा तास सगळ्यात चांगला होता. मग रस्त्यावर धूळ दिसली."

"वेडी आहे ही बाई!" हिराताई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की खाली गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. "हातातली गाडी सोडून देतात का? मला नसतं कळलं तर? फोन नसता लागला तर?" त्यांनी तशाच रागात उत्तर लिहिलं. हे तुम्ही चूक केलंत. गाडी मिळत होती, जायला हवं होतं. सांगणारा चुकू शकतो. पुढच्या वेळी जी गाडी आधी येईल तीत बसा.

लिहून झालं आणि पाठवायच्या आधी त्यांचा हात थांबला.

सव्वीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी सांगितली होती, आणि सव्वीस वर्षं एकही माणूस असा गेला नव्हता, की ज्यानं त्यांच्या खिडकीसमोरून वळल्यावर तोच प्रश्न पुन्हा चहावाल्याला, हमालाला नाहीतर शेजारी उभ्या असलेल्या कुणालातरी विचारला नाही. त्या खिडकीतून पाहत असत. रोज पाहत असत. सवय झाली होती, असं त्या म्हणत, पण तसं नव्हतं. ते दर वेळी लागलं होतं.

त्यांनी चष्मा काढला. उत्कर्षा शेजारी येऊन उभी राहिली. हिराताई पदरानं डोळे पुसत होत्या आणि डोळे काही आवरत नव्हते. बऱ्याच वेळानं त्यांनी चष्मा लावला, आणि त्या रागावलेल्या पत्राखाली आणखी एक ओळ टंकली: "तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारायला गेला नाहीत. आभारी आहे."